आईला पूस

माझा भाऊ सुहास सगळीकडे फिरून आला. महाबळेश्वर झालं, गोवा झालं, केरळच्या हाउसबोटी झाल्या, मागच्या वर्षी तर दुबईसुद्धा. फक्त सख्ख्या बहिणीच्या घरची वाट काही त्याला सापडत नव्हती. मी सांगलीची, लग्न होऊन तंजावूरला आले. दर सुट्टीला मी फोन करायची आणि दर सुट्टीला तो म्हणायचा, "ताई, पुढच्या वर्षी नक्की." मागून माझी भावजय वृंदा बोललेली मला ऐकू यायची, "अहो, पोरांना घेऊन तिथे करायचं काय? देवळंच देवळं. आणि उकाडा केवढा!" फोनला काय कान नसतात का?

यंदा नाताळच्या सुट्टीत ते येतो म्हणाले. मी आनंदाने नाचायचीच बाकी होते, तेवढ्यात सुहासने खरं कारण सांगून टाकलं. "उटीची हॉटेलं सगळी फुल आहेत गं. म्हटलं चला, तुझ्याकडे येऊ." असा आमचा भाऊ. पोटातलं ओठावर यायला त्याला वेळ लागत नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मी गिळून टाकलं. म्हटलं, या तर खरं. माहेरचं माणूस एकदा उंबऱ्यात आलं, की परत येतो असं त्याच्याच तोंडून वदवून घेतलं नाही तर नाव भारती लावणार नाही. त्यातही सुहासच्या नाही, वृंदाच्या तोंडून. घरात कुणाचं चालतं ते मला ठाऊक आहे.

"तू त्यांना गाव दाखवणार आहेस की त्यांची परीक्षा घेणार आहेस?" माझे यजमान गोपालकृष्ण म्हणाले.

"तुम्ही फक्त गाडी चालवा," मी म्हटलं.

आता माझ्या सासरच्यांची जरा ओळख करून देते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हे लोक मराठीच, पण यांचे पूर्वज इथल्या मराठा राजांच्या काळात इथे आले ते इथलेच झाले. त्यांच्याबरोबर जी मराठी आली तीही इथेच राहिली. पुढे महाराष्ट्रात बोलणं कसं कसं बदलत गेलं, ते तिला कुणी कळवलंच नाही. वर तामिळचा हेल. नवी नवरी होते तेव्हा सासूबाई "बैस गो" म्हणाल्या की मला हसू फुटायचं आणि मी "अय्या!" म्हटलं की त्या दचकायच्या, कारण इथे असला शब्द काही वाईट घडलं तरच तोंडातून निघतो. त्यांचं नाव सुंदरी, पण सगळे त्यांना अम्मा म्हणतात, त्यांचा मुलगासुद्धा. मीही म्हणते.

पाहुणे सकाळच्या गाडीने आले. सुहास, वृंदा, अकरा वर्षांचा ओजस आणि चार वर्षांची शर्वरी, म्हणजे आमची शरू. वृंदाने सोबत काय काय आणलं असेल? चहा पावडर, पोहे, भडंग आणि साखर. साखर! जसं काही आम्ही इथे चहात मीठ घालतो. मी हसून सगळं डब्यात भरून ठेवलं.

अम्मा दारात उभ्या होत्या. "या, या, बैसा," म्हणाल्या आणि शरूच्या हनुवटीला हात लावून त्यांनी विचारलं, "दूध पाहिजे की बोर्नव्हिटा? आईला पूस."

शरू क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग शहाण्या मुलीसारखी आत गेली, मोरीजवळचं ओलं फडकं घेऊन आली आणि सोफ्यावर बसलेल्या वृंदाचं तोंड पुसायला लागली. कपाळापासून हनुवटीपर्यंत, अगदी मन लावून. काजळ गालावर आलं, टिकली कानाजवळ जाऊन चिकटली.

"अगं, काय करतेस!" वृंदा ओरडली.

"त्या आजी म्हणाल्या, आईला पूस."

ओजस हसून हसून जमिनीवर लोळला. सुहासही फुटला. मी घाईघाईने सांगायला लागले, अगं, यांच्याकडे पुसणं म्हणजे विचारणं, जुनं मराठी आहे ते, आईला विचार असं म्हणाल्या त्या. पण वृंदाचा चेहरा आधीच उतरला होता. "प्रवासातून आलेय, जरा धूळ असणारच तोंडावर," असं म्हणून ती बाथरूममध्ये गेली. अम्मा बिचाऱ्या ओशाळल्या. शरूला मात्र त्या भारी आवडल्या. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं पूसआजी.

झालं, म्हटलं, पहिल्याच चेंडूवर विकेट.

पण मी काय हार मानणारी आहे होय! त्या दिवशी सगळ्यांना राजवाड्यात नेलं. तिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. ओजस त्याच्याभोवती इतक्या वेळा फिरला की पहारेकऱ्याला संशय यायला लागला. "आत्या, हा इथे कसा आला? समुद्र कुठाय?" त्याचे प्रश्न संपेनात. मी वृंदाकडे बघितलं. ती रुमालाने वारा घेत होती.

"छान आहे," ती म्हणाली. "आमच्या सांगलीतही म्युझियम आहे म्हणा."

अगं, सांगली काय तुझ्या एकटीची आहे का? मी तिथेच जन्मले! पण मी ओठ घट्ट मिटून घेतले. गोपालकृष्ण माझ्याकडे बघून खोकले.

दुकानातून शरूला तंजावूरची बाहुली घेतली, मान डोलावणारी. बोटाने जराशी टिचकी मारली की तिची मान हलते, कंबर वेगळी हलते, हात वेगळे. शरू तिला सगळं विचारायला लागली. "तुला भूक लागली? तुला झोप आली?" बाहुली मान डोलवायची. मग मीच मुद्दाम म्हटलं, "विचार तिला, पुढच्या सुट्टीत परत यायचं ना?" बाहुलीने मान हलवली, या खांद्याकडून त्या खांद्याकडे.

"बघा, बाहुलीसुद्धा नाही म्हणतेय," वृंदा म्हणाली आणि तिने हलकेच जांभई दिली.

"इकडे असंच हो म्हणतात," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं बहुतेक, कारण दुकानदाराने वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिरुवैयारुला कावेरीच्या घाटावर गेलो. नदीला पाणी होतं. पोरं पायऱ्यांवर बसून पाय बुडवत होती, सुहास पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लहानपणी कृष्णेत उभा राहायचा तसाच उभा राहिला. मला इतकं बरं वाटलं त्याला तसं बघून, की काय सांगू! अम्मांनी शरूला पानावर गरमागरम अशोका हलवा भरवला. मुगाच्या डाळीचा असतो, तूप असं ओघळत असतं. शरूने बोटं चाटली, मग पान चाटलं, मग अम्मांची बोटं चाटली. वृंदा बूट घालून वरच्या पायरीवर बसली होती. तिने एक घास खाल्ला.

"मुगाचा शिराच की हा," ती म्हणाली.

त्या रात्री पांघरुणात तोंड खुपसून मी गोपालकृष्णांना म्हटलं, "ही बाई दगड आहे, दगड."

"दगड पाहिजे तर उद्या मोठ्या देवळात ने," ते म्हणाले. "तिथं ढीग आहे." आणि घोरायला लागले.

निघायच्या आदल्या दिवशी मोठं देऊळ. मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. संध्याकाळी तिथलं अंगण निवतं, लोक हिरवळीवर पाय पसरून बसतात, पोरं धावतात, उन्हात सगळं देऊळ मधासारखं दिसतं. चपला बाहेर ठेवून आम्ही आत गेलो. अम्मांचे गुडघे दुखतात, म्हणून त्या ओवरीच्या कडेला टेकल्या. सुहास आणि गोपालकृष्ण नंदीकडे गेले. वृंदा फोटो काढत होती. मी ओजसला शिखर दाखवत होते, की बघ बाबा, क्रेन नव्हती, काही नव्हतं, एवढा धोंडा वर चढवला कसा? ओजस म्हणाला ड्रोनने. मी म्हटलं, डोंबलाचं ड्रोन! आमचा असा वाद रंगला होता.

मान खाली केली तर शरू नव्हती.

आधी वाटलं नंदीमागे असेल. मग वाटलं सुहासजवळ असेल. सुहास म्हणाला, "माझ्याकडे कुठेय?" केवढं ते अंगण, केवढी गर्दी, शाळांच्या सहली आलेल्या, सगळीकडे पोरंच पोरं. सुहास एका दाराकडे पळाला, गोपालकृष्ण दुसऱ्या. मी शिट्टीवाल्या पहारेकऱ्याला गाठलं, पिवळा फ्रॉक, दोन शेंड्या, एवढीशी, म्हणून सांगितलं. मीच रडकुंडीला आले होते. वृंदा "शरू! शरू!" ओरडत फिरत होती. तिची ओढणी कुठेतरी पडली, तिला पत्ता नव्हता.

मी तिचा हात धरायला गेले तर तिने झटकला.

"म्हणून मी येत नव्हते!" ती म्हणाली. सगळ्यांसमोर. "माहीत नाही भाषा, माहीत नाही माणसं! तिला कुणी विचारलं तर ती काय सांगणार? तिचं बोलणं कुणाला समजणार? ताई, माझ्या पोरीला काही झालं ना, तर मी या गावाचंच काय, तुमचंही तोंड बघणार नाही!"

माहेर तुटतं ते असंच तुटत असेल, असं मनात आलं. आणि लगेच वाटलं, तुटू दे, पण ती पोर सापडू दे.

आम्ही तशाच अम्मांजवळ आलो. अम्मांनी वृंदाकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "पोर रडंल, तर काय म्हणून रडंल?"

"हे काय विचारणं झालं?" वृंदा हुंदके देत म्हणाली. "आई आई म्हणूनच रडेल ना!"

अम्मांनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्या चक्क हसायला लागल्या. "मग इथं कसाला शोधता? संडासाकडं जावा!"

वृंदाला वाटलं म्हातारीला वेड लागलं. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई! इकडे तामिळ घरांतल्या लहान पोरांना शी लागली की ती "आय्, आय्" म्हणतात. गोपालकृष्ण पहिल्या दिवशी शाळेत गेले तेव्हा फाटकात "आई! आई!" करून रडले होते, आणि बाईंनी त्यांना उचलून थेट संडासात नेऊन बसवलं होतं. वर्ग दिवसभर हसला. त्या दिवसापासून त्यांनी आईला अम्मा म्हणायला सुरुवात केली, ते आजतागायत. ही गोष्ट मी सासरी शंभर वेळा ऐकली होती, आणि वेळेवर आठवली ती अम्मांनाच.

"चल!" मी वृंदाचा हात धरला आणि पळाले. या वेळी तिने झटकला नाही. दोघी अनवाणी, दाराबाहेर, चपलांच्या जागेपलीकडे, बायकांच्या संडासाकडे.

नळाजवळ ती होती. दोन धट्ट्याकट्ट्या बायका, दोघींच्या डोक्यात हा एवढाला गजरा. एकीच्या हातात पाण्याचा मग, दुसरी शरूच्या चड्डीला हात घालतेय, आणि शरू दोन्ही हातांनी चड्डी घट्ट धरून बेंबीच्या देठापासून ओरडतेय, "मला शी नाही आली! मला आई पाहिजे! आई!"

"हो गं राजा, आय्, आय्, ये," ती बाई तामिळमध्ये तिला चुचकारत होती आणि पुन्हा दाराकडे ओढत होती.

शरू जितकी आई म्हणून ओरडे, तितकी ती बाई जास्त मायेने तिला आत नेऊ बघे.

वृंदाने झेप घालून पोरीला उचललं. छातीशी असं धरलं की शरूच गुदमरली. मी त्या बायकांना सगळं समजावून सांगितलं, की ही पोर आईला हाक मारत होती, आमच्या भाषेत आई म्हणजे अम्मा. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग त्यांना जे हसू आलं, ते आवरेचना. मगवालीच्या हातातला मग पडला. दुसरी डोळ्याला पदर लावून म्हणाली, आम्ही किती वेळ बसवून बसवून बघतोय, पोर काही करेना, आम्हाला वाटलं बिचारीचं पोट बिघडलंय. आणि तिने आपल्या डोक्यातला अर्धा गजरा तोडून वृंदाच्या केसांत माळला, पोरीला घाबरवलं म्हणून.

मी ते मराठीत सांगितलं. वृंदाने आधी शरूकडे बघितलं, मग त्या मगाकडे. आणि मग ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. अशी हसली की तिथल्याच पायरीवर मटकन बसली, रडतेय की हसतेय ते तिचं तिलाच कळेना. शरू रागाने लाल झाली होती. "हसू नका! मला खरंच नव्हती आली!"

मग आम्ही सगळे हिरवळीवर बसलो. सुहास आणि गोपालकृष्ण धापा टाकत परत आले, त्यांना सगळं सांगून झालं. गोपालकृष्णांनी शरूचा हात हातात घेऊन म्हटलं, "माझं पण तेच झालं होतं बाळा," आणि दोघं दुःखी जीव शेजारी शेजारी बसले. ओजस ड्रोनबद्दल विसरून गवतात कोलांट्या मारत होता. वृंदा अम्मांच्या जवळ सरकली. तिने पाय पसरले, अनवाणी, धुळीने माखलेले.

"ताई, मघाशी मी काहीच्या बाही बोलले," ती हळूच म्हणाली.

"बोललीस खरी," मी म्हटलं. "आईचं काळीज आहे, बोलणारच."

"खरं सांगू? मला तुमची भीती वाटायची. लग्न झाल्यापासून घरात ऐकतेय, भारती असं करायची, भारतीला असं चालायचं नाही. मला वाटायचं, तुमच्याकडे आले तर तुम्ही माझी परीक्षाच घ्याल."

"मी? परीक्षा? मी कधी..." मी उसळलेच.

गोपालकृष्णांनी आकाशाकडे बघितलं. सुहासने गवत उपटायला घेतलं. आधी ओजस फुटला, मग सगळेच. अम्मा तर पोट धरून हसत होत्या. मी जरा वेळ फुगून बसले, पण किती वेळ फुगणार? मलाही हसू आलं. त्या संध्याकाळी आम्ही पहारेकरी हाकलून देईपर्यंत तिथे बसलो होतो. घरी येऊन वृंदाने तिची भडंग काढली, माझ्या स्वयंपाकघरात शिरून कांदा चिरला आणि अम्मांना स्वतःच्या हाताने वाढली. अम्मा म्हणाल्या, "तिखट आहे गो," आणि दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हैसूरची गाडी, वाटेत बदलून पुढे सांगली. आम्ही सगळे स्टेशनवर. अम्मासुद्धा, गुडघे दुखत असताना. माझ्या ओठांवर एकच प्रश्न होता आणि तो काही केल्या बाहेर पडत नव्हता. कालचं हसणं खरं, पण हसणं म्हणजे काही परत येणं नव्हे. आणि मी विचारलं तर ती पुन्हा परीक्षाच व्हायची. म्हणून मी आपली पाण्याच्या बाटल्या दे, चटणीचा डबा दे, उशीत हवा भर, असलं काहीबाही करत राहिले. सगळे डब्यात चढले. खिडकीशी वृंदा, तिच्या मांडीवर शरू, शरूच्या हातात मान डोलावणारी बाहुली. वृंदाचे डोळे भरले होते. माझेही, पण मी दुसरीकडे बघत होते.

सिग्नल पडला. तेवढ्यात अम्मा माझ्या मागून पुढे आल्या, खिडकीचा गज धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "शरू, परत कधी येणार गो? आईला पूस!"

शरूने आईकडे वळून बघितलं. बाहुली बाजूला ठेवली. फ्रॉकचं टोक हातात धरलं आणि वृंदाचे डोळे पुसले. आधी एक, मग दुसरा. अगदी मन लावून.

डब्यात आणि फलाटावर आमच्यात एकच हशा पिकला. वृंदाने शरूचा मुका घेतला, तिच्या फ्रॉकमध्येच नाक पुसलं आणि खिडकीतून वाकून अम्मांना म्हणाली, "पुसलं हो तिने! मे महिन्यात येतो. मुलांची सुट्टी लागली की लगेच."

"अगं, मेमध्ये इथे भट्टी असते भट्टी!" मी ओरडले. काय करणार, जीभ.

"असू दे!" ती म्हणाली. गाडी हलली. "तुम्ही असाल ना? आणि उटीची तिकिटं कुणी आधीच काढली तरी आम्ही इथेच येणार, सांगून ठेवते!"

शरूने खिडकीत बाहुली धरली होती. गाडीच्या हिसक्याने बाहुली मान डोलवत होती, या खांद्याकडून त्या खांद्याकडे, आणि तिचं ते इकडचं हो मला पार शेवटच्या डब्यापर्यंत दिसत राहिलं.

गाडी गेली. फलाट मोकळा झाला. आणि मी, जी लग्नात सांगली सोडताना रडले नव्हते, ती तिथे उभी राहून पोरासारखी हमसाहमशी रडायला लागले. आनंदाने हो, दुसरं काय! पण थांबेचना.

अम्मांनी मुलाच्या दंडाला धरून पुढे ढकललं. "गोपाळा, बघत काय उभारलास? हिला पूस."

गोपालकृष्ण माझ्यासमोर आले. गंभीर चेहऱ्याने मला न्याहाळलं आणि आईला म्हणाले, "काय पुसू?"

"डोळे रे, डोळे!" अम्मा म्हणाल्या.